कुंकवाची दातखीळ

मी हंबीररावांचा फोन बोलतोय. म्हणजे आत्ता बोलतोय. नोव्हेंबरातल्या त्या चार दिवसांत माझ्याकडून एक अक्षर बाहेर पडत नव्हतं आणि घरातला प्रत्येक जण माझ्या नावाने शंख करत होता. कॉम्प्युटर फोनला ओळखतच नाही, असं सगळे म्हणत. कसा ओळखेल? माझ्या तोंडात कुंकू भरलं होतं. ते कुणी भरलं, कधी भरलं, का भरलं, सगळं मला ठाऊक होतं, आणि सांगायची काही सोय नव्हती. त्या चार दिवसांची चीड अजून अंगातून गेलेली नाही, म्हणून हे एकदाचं सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या आणि हातात मोजे घातलेल्या मुली ओळीने बसल्या होत्या. कुणी माझी काच बसवली, कुणी कॅमेरा. एकीने माझ्या बुडाशी छोटंसं लांबट तोंड बसवलं आणि न बघताच मला पुढे ढकललं. आम्हा फोनांना तोंड एकच. त्यातूनच जेवायचं, म्हणजे वीज घ्यायची, आणि त्यातूनच कॉम्प्युटरशी बोलायचं. आत नखाएवढ्या जागेत बारीक पत्र्या असतात, जेवणाच्या वेगळ्या आणि बोलण्याच्या वेगळ्या. एवढं तेवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. पूर्वीच्या फोनांना इअरफोनसाठी वेगळं भोक असायचं म्हणे. आमच्या पिढीला ते दिलं नाही. का दिलं नाही, ते देणारे जाणोत.

हंबीररावांनी मला घेतलं ते निव्वळ कंटाळ्यापोटी. सकवारबाई बेंगळूरच्या चिकपेट बाजारात साड्या बघायला गेल्या होत्या. दुकानदार एकामागून एक साडी उलगडतोय, बाई प्रत्येक साडीला नाक मुरडतायत, आणि नवरा बाहेरच्या पायरीवर ताटकळतोय. दीड तासाने हंबीरराव उठले आणि मागच्या गल्लीत जाऊन मला घेऊन आले. "तुझी साडी होईस्तवर माझा फोन झाला की," असं त्यांनी बायकोला ऐकवलं. बाईंनी त्या दिवशी साडी घेतलीच नाही. पुढची तीन वर्षं मात्र माझा उल्लेख निघाला की त्या दिवसाचा उद्धार व्हायचा.

हंबीरराव मूळचे निपाणीकडचे. चाळीस वर्षांपूर्वी बेंगळूरला आले, यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात लेथवर लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि यंत्रासमोर दोन्हीची खिचडी. माणसांशी बोलायला लागलं की त्यांचा घसा बसायचा. यंत्र समोर आलं की मोकळा व्हायचा.

निवृत्तीनंतर गल्लीतले मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करायचा त्यांना नाद लागला. त्यांची एक पद्धत होती. काहीही उघडण्याआधी मला मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा करायचे, व्हिडिओ चालू करायचे आणि काम करता करता मोठ्याने बोलायचे. कारण सरळ होतं. वय झालं, कुठला स्क्रू कुठला ते आठवत नाही, मग जोडताना व्हिडिओ बघायचा. "हां, आता ह्ये बघा. वरचे चार स्क्रू. तीन सारखे, चौथा आखूड. आखूड बाजूला ठेवायचा, न्हाईतर नंतर बोंबलायचं. सरी, मुंदे." सरी, मुंदे म्हणजे बरं, पुढे. हे दोन शब्द प्रत्येक व्हिडिओत वीसदा तरी यायचे. असे तीनशेवर व्हिडिओ माझ्या पोटात साठले. काम झाल्यावर पुसून टाकावेत हे त्यांना सुचलं नाही, आणि मी कशाला सुचवू? मला ते आवडायचे.

जुलैमध्ये घरचं कपडे धुण्याचं मशीन अडलं. हंबीरराव खाली बसले, मला बादलीच्या काठावर उभं केलं, मागचं झाकण काढलं, आणि बोलता बोलता त्यांची जीभ अडखळली. हातातला पाना गळाला. ते कलंडले, त्यांचा हात मला लागला आणि मी बादलीत पडलो. पाण्याखालून मला फक्त सकवारबाईंची किंकाळी ऐकू आली.

दवाखान्यात जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. कोण आलं, कोण काय म्हणालं, कुणी खोटं हसलं, सगळं. शब्द तेवढा ओठांपर्यंत पोचत नव्हता. पाटी-पेन्सिल दिली तर डाव्या हाताने नुसत्या रेघा उमटायच्या, अक्षरंही हरवली होती.

मला बादलीतून काढलं ते संध्याकाळी. माझं वायफाय गेलं, ब्लूटूथ गेलं, सिमचं नेटवर्क गेलं, आणि भोंगा तर पार बसला. चित्र दिसायचं, आवाज शून्य. मला पुसून हंबीररावांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं आणि सगळे मला विसरले. त्याबद्दल तक्रार नाही. घरात त्यापेक्षा मोठं काम होतं.

तीन महिन्यांनी पेटी उघडली. खंडेनवमी होती, इथली आयुधपूजा. त्या दिवशी बेंगळुरात स्कूटरच्या चाकाखाली लिंबू असतं, रिक्षाला केळीचे खुंट असतात आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरलासुद्धा हार असतो. हंबीरराव तर कारखान्यातला माणूस. दिवाळी एक वेळ विसरतील, ही पूजा नाही. दरवर्षी ते स्वतः पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर पुसून पाटावर मांडायचे आणि प्रत्येकाच्या मुठीला मोहरीएवढा ठिपका लावायचे.

या वर्षी ते खुर्चीत आणि पाटाशी सकवारबाई. बाईंचा हात सढळ. गंधात कुंकू कालवून त्यांनी लगदा केला आणि पान्यांना, पक्कडीला बोटभर फासला. मग माझी पाळी आली. माझ्या काचेवर बोट टेकवणार, तेवढ्यात त्यांना आठवलं. "काचेला लावू नको, डाग पडतोय," असं हंबीरराव दरवर्षी ओरडायचे. बाई थबकल्या. मला उलटसुलट केलं. बुडाशी तोंड दिसलं. "इथनंच जेवतोय न्हवं ह्यो? मग हितंच लावू," म्हणाल्या, आणि लगद्याचं बोट माझ्या तोंडात दाबलं. वरून दोन अक्षता.

खुर्चीतून हंबीरराव "अं! अं!" करत डावा हात हलवत होते. "व्हय की, देतोय की," म्हणत बाईंनी त्यांच्या हातावर प्रसादाचे चुरमुरे ठेवले. नवऱ्याची आज्ञा पाळायची म्हणून बाईंनी काच वाचवली आणि माझा गळा दाबला. यात कुणाला काय बोल लावणार?

लगदा दोन दिवसांत वाळून खडखडीत झाला.

आता नोव्हेंबर. धनलक्ष्मी मॅडम हंबीररावांना बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा यायच्या. धारवाडकडच्या, गोड आवाजाच्या, चिवट बाई. त्या चित्रांची पानं दाखवायच्या. सफरचंद, छत्री, ससा. कन्नडमध्ये विचारून बघितलं, हिंदीत बघितलं, सुनेकडून मराठी शब्द लिहून घेऊन बघितलं. हंबीरराव पहिले काही दिवस ओठ हलवायचे, मग मान फिरवायला लागले. साठ वर्षं ओलांडलेल्या फोरमनने ससा कशाला म्हणायचं?

त्या मंगळवारी मॅडमनी पानं पिशवीत ठेवली आणि विचारलं, की आधी हे दिवसभर कशाबद्दल बोलायचे? सकवारबाई म्हणाल्या, "आमच्यासंगट कुठं बोलायचे? मिक्सरसंगट बोलायचे." आणि मग त्यांना मी आठवलो.

मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचाच आवाज, त्यांचेच शब्द, त्यांचीच लय मिळाली तर वाक्यं तोडून, सावकाश करून त्यांना ऐकवता येतील, अर्ध्यावर थांबवून पुढचं बोलायला लावता येईल. पण हे सगळं कॉम्प्युटरवर हवं. शनिवारी सकाळी सगळं दवाखान्यात घेऊन या, म्हणाल्या, कारण दुपारच्या गाडीने मी दीड महिना धारवाडला जातेय, जाण्याआधी सराव बसवून देते. आणि जाता जाता दारात सुनेला हळूच म्हणाल्या, की सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, हे असेच निघून गेले तर नंतर कठीण जातं. हंबीररावांना ते ऐकू गेलं. मलाही.

म्हणजे या माणसाचा आवाज माझ्या पोटात होता आणि तो शनिवारच्या आत बाहेर यायला हवा होता. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढी जबाबदारी कधी पडली नव्हती. आणि नेमकी तेव्हाच दातखीळ.

मुलगा शुभंकर बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत आहे. त्याने मला उचललं आणि म्हणाला, "त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे." हे वाक्य मी मंगळवारी संध्याकाळी ऐकलं. बुधवारी संध्याकाळी तेच वाक्य पुन्हा ऐकलं, फक्त त्याच्या आवाजातला जोर ओसरला होता.

ऑफिसच्या लॅपटॉपला परका फोन जोडायला कंपनीची बंदी, त्याच्याही आणि सुनेच्याही. म्हणून माडीवरचा जुना कॉम्प्युटर चालू केला. वायर माझ्या तोंडात घातली. कुंकवाच्या खड्यावर ती जेमतेम टेकली. जेवणाच्या पत्र्यांना धक्का लागला, माझ्या काचेवर विजेची खूण उमटली. बोलण्याच्या पत्र्या लगद्याखाली गाडलेल्या. मी जिवाच्या आकांताने हाका मारतोय आणि कॉम्प्युटर आपला शुंभासारखा बसलाय.

"चार्ज होतोय म्हणजे वायर आणि पोर्ट ओके आहे," शुभंकर म्हणाला. झालं! तिथेच सगळं चुकलं. जेवतो म्हणजे तोंड चांगलं आहे, असं त्याने एकदा ठरवलं आणि मग कुणाचा बाप आला तरी तो माझ्या तोंडात डोकावणार नव्हता.

कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. वायर पुढच्या भोकात घातली, मागच्या भोकात घातली. वायर बदलली. आसावरीने, म्हणजे सुनेने, दहा मिनिटांत घरपोच येणारी नवी वायर मागवली. ती पुण्याची, तिला अर्धवट काम खपत नाही. नव्या वायरने मी जरा जास्त जेवलो, बोललो नाही. तिने वायरचे इअरफोन माझ्या तोंडात घालून बघितले, तेही मुके. "पाण्यात पडला होता, साउंडच गेला असेल," ती म्हणाली. अगं बाई, आवाज आहे! फक्त दार बंद आहे!

मग शुभंकरने ऑफिसातल्या मित्राला, प्राणेशला, फोन लावला. प्राणेशने सांगितलं ड्रायव्हर काढ, पुन्हा घाल. घातला. मग सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात टिचक्या मार. मारल्या. माझ्या काचेवर सूचना आली की आता तुम्ही डेव्हलपर झाला आहात. बारा वर्षं तेच काम करणाऱ्या माणसाला मी ही बातमी दिली, यापेक्षा जास्त मदत माझ्या हातून त्या दिवशी झाली नाही.

गुरुवारी आसावरी म्हणाली, "अरे, कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला दाखवू या ना. फिफ्टीन मिनिट्स."

"तो आधी फॉरमॅट मारेल आणि मग विचारेल काय झालंय. आणि मी इंजिनिअर असून फोन घेऊन दुकानात जाऊ?"

"तू सॉफ्टवेअरवाला आहेस, शुभंकर."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चहा ठेवते."

मला कोपऱ्यावरच्या त्या माणसाला मिठी मारावीशी वाटत होती. तो पहिल्यांदा तोंडात बॅटरी मारून बघतो, हे मला हंबीररावांच्या खिशातून तिथे जाऊन जाऊन माहीत होतं. पण शुभंकरचा अहंकार आणि माझं नशीब एकाच टेबलावर बसलं होतं.

आणि खालच्या खोलीत एक माणूस होता ज्याला सगळं ठाऊक होतं.

शुभंकर जेवायला उतरताना मला बरोबर आणायचा आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवायचा. मी दिसलो की हंबीरराव चमच्याचा हात थांबवायचे. डाव्या हाताचं बोट स्वतःच्या तोंडाकडे न्यायचे, मग माझ्याकडे, मग देव्हाऱ्याकडे. पुन्हा तोंड, फोन, देव्हारा. मला ते लख्ख कळत होतं. त्यांना फोनच्या तोंडातलं देवाचं कुंकू दाखवायचं होतं.

बुधवारी सकवारबाईंनी त्यांना पाणी दिलं. नको म्हणून त्यांनी भांडं ढकललं तर ताक दिलं. गुरुवारी शुभंकरला वाटलं दात दुखतोय. त्याने बापाचा जबडा उघडून मोबाइलचा उजेड मारून आत बघितलं! बापाच्या तोंडात बघितलं, माझ्या नाही. हंबीररावांनी चिडून त्याचा हात झटकला. मग बाईंच्या मनात आलं की देवाला हात जोडायचेत. त्या देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या कपाळावर बोट टेकवलं. तेच कुंकू! कोयरी डोळ्यांसमोर आल्यावर हंबीररावांनी तिच्यावर झडप घातली, ती उपडी झाली, फरशी लाल झाली. बाई रडायला लागल्या. "देवाचं कुंकू सांडलं ओ, असं काय करायलाय," म्हणत फडक्याने पुसायला लागल्या.

हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. मी फ्रिजवर पडून होतो. त्या माणसाला कारखान्यात शंभर जण विचारून काम करायचे, आणि आता त्याने तोंडाकडे बोट नेलं की घरातले पाण्याचं भांडं पुढे करत होते. फार वाईट वाटलं मला. राग तर आलाच होता.

शुक्रवारी संध्याकाळी शुभंकरने हार मानली. माडीवरून खाली आला आणि मला जेवणाच्या टेबलावर टाकलं. "बोर्ड गेलाय याचा. मॅडमना मेसेज करतो, नाही जमलं म्हणून. लग्नाच्या व्हिडिओत कुठे तरी आप्पांचा आवाज असेल, तो बघू." लग्नाच्या व्हिडिओत आप्पांनी चार तासांत "बसा" एवढंच म्हटलं होतं. तो हात धुवायला गेला. पहिल्यांदाच मी हंबीररावांच्या हाताच्या टप्प्यात होतो.

त्यांनी मला डाव्या हाताने ओढलं आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरलं. आधी बाजूचं बटण दाबून मला बंद करायला घेतलं. कुठलंही यंत्र उघडण्याआधी वीज बंद, हा त्यांचा नियम. पण एका हाताने ते जमेना. तीनदा अंगठा घसरला, चौथ्यांदा माझी काच काळी झाली. काच काळी झाली तरी मला ऐकू येतं, असं समजा. म्हाताऱ्या फोनाला एवढी सूट द्या.

सकवारबाई भात वाढायला वाकल्या तसा त्यांचा हात हंबीररावांनी पकडला. बाईंच्या बांगड्यांत सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात, सगळ्याच बायकांच्या असतात. ते पीन ओढायला लागले. "अवो, हात सोडा की. पीन कशाला पायजे तुमास्नी? टोचून घ्याल." पण बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि का कोण जाणे, पीन काढून, उघडून त्यांच्या हातात दिली.

पीन माझ्या तोंडात शिरली. लेथवर वर्षानुवर्षं केसाएवढं माप धरणारा हात होता तो, जरी डावा असला तरी. पत्र्यांना धक्का न लावता ते कडेकडेने कुरतडत होते. पहिला खडा सुटला.

"आप्पा!" शुभंकर ओरडला. "काय करताय? होता तेवढाही घालवाल!" त्याने मला गुडघ्यांमधून ओढून घेतलं. हंबीररावांनी डाव्या मुठीने टेबलावर असा दणका मारला की वरणाची वाटी उडाली. तोंडातून नुसता "आं" निघाला, पण तो आवाज मी त्या घरात यापूर्वी ऐकला नव्हता. कारखान्यात ऐकला असणार कुणी तरी.

 तेवढ्यात सकवारबाईंनी टेबलावरचा लाल खडा बोटाने उचलला. चिमटीत चुरडला, नाकाशी नेला.

"थांब रे शुभ्या," त्या म्हणाल्या. "ह्ये माझं कुंकू हाय."

"कुठलं कुंकू?"

"खंडेनवमीचं. मीच लावलं. काचेला नको म्हनत्यात म्हणून ह्याच्या तोंडाला लावलं." आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "म्हंजे परवापासनं तुमी ह्येच सांगायलाय? आणि मी येडी पाणी पाजायलोय?"

शुभंकरने मला तोंडाजवळ धरलं, आत बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा बघितलं! त्याचा चेहरा पडला. त्याने मला परत बापाच्या गुडघ्यांमध्ये ठेवलं, आणि ते हलू नयेत म्हणून खाली बसून दोन्ही हातांनी धरून राहिला. आसावरीने बॅटरीचा उजेड धरला. बाकीचं काम हंबीररावांनीच केलं, अर्धा तास लागला. शेवटी एक अक्षता निघाली. ती बघून आसावरीला हसू आवरेना.

मला चालू केलं, माडीवर नेलं, वायर घातली. कॉम्प्युटरने टुंग केलं. एवढ्याशा आवाजासाठी चार दिवस! तीनशेवर व्हिडिओ एकामागून एक माझ्या पोटातून उतरायला लागले तेव्हा मला जो हलकेपणा वाटला तो सांगता येणार नाही. पहिला व्हिडिओ लावला आणि जिन्यावरून खाली आवाज गेला, "हां, आता ह्ये बघा." सकवारबाई खाली पायरीवर बसून राहिल्या. वर या म्हटलं तरी आल्या नाहीत.

शनिवारी सकाळी दवाखान्यात मीही होतो, आसावरीच्या पर्समध्ये. मॅडमच्या सांगण्यावरून घरचा मिक्सरही पिशवीत घालून आणला होता. ऑटोवाल्याने विचारलं होतं, पेशंट कोण आहे, आजोबा की मिक्सर?

मॅडमनी मिक्सरचा व्हिडिओ लावला. खोलीत हंबीररावांचा आवाज भरला. "जारच्या बुडाला ही चाकी. ही झिजती. बदलायची असली तर पात्याला धरायचं आणि ही फिरवायची…" मॅडमनी तिथे थांबवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. हंबीररावांच्या कपाळावर घाम आला. पाचव्यांदा, सहाव्यांदा तेच. मॅडमनी घड्याळाकडे चोरून बघितलं. हंबीररावांनी मान फिरवायला सुरुवात केली होती. मला वाटलं, एवढं करून पुन्हा ससाच.

शुभंकर शेजारी उभा होता. त्याला गप्प बसवेना. त्याने पिशवीतला जार काढून उपडा केला, पात्याला फडक्याने धरलं आणि चाकी फिरवायला लागला. नेहमीसारखी, बाटलीचं झाकण उघडतात तशी. सुटेना. त्याने जोर लावला. दात-ओठ खाऊन आणखी जोर लावला. चाकीचा कडाड् असा आवाज आला.

"उलटं!"

सगळे दचकले. हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले होते.

"उलटं… गाढवा!"

मिक्सरच्या चाकीचे आटे उलटे असतात, हे आपल्या इंजिनिअर मुलाला ठाऊक नाही, हे त्या फोरमनला सहन झालं नाही. सफरचंद, छत्री आणि सशाने जे झालं नाही ते त्या रागाने झालं. शुभंकरने चाकी उलटी फिरवली. ती अलगद सुटली. ती हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून खांद्याला पुसले. "परत म्हणा आप्पा," तो म्हणाला. "परत गाढव म्हणा." ते काही त्यांना पुन्हा म्हणता आलं नाही. मॅडमनी मात्र धारवाडची गाडी विसरून वहीत भराभर लिहायला घेतलं. ससा कायमचा रद्द झाला.

आता त्याला तीन आठवडे झाले. हंबीरराव रोज सकाळी आपलाच आवाज ऐकतात आणि त्याच्यामागोमाग ओठ हलवतात. सात शब्द आले आहेत. त्यांतले दोन चारचौघांत म्हणण्यासारखे नाहीत, ते कारखान्यातले आहेत.

माझं म्हणाल तर माझे दिवस भरत आलेत. बॅटरी फुगून माझी पाठ वर आली आहे. शुभंकर म्हणतो, आता याला जपून कचऱ्यात द्यायला हवं, सगळं तर उतरवून घेतलंय.

सगळं नाही उतरवलेलं. काल दुपारी घरात कुणी नसताना हंबीररावांनी मला मसाल्याच्या डब्याला टेकवलं, डाव्या अंगठ्याने व्हिडिओ चालू केला आणि शेजारच्यांचा बिघडलेला टेबलफॅन पुढे ओढला. अकरा मिनिटं ते काही बोलले नाहीत. एका हाताने जाळी काढली, ती दोनदा पडली. स्क्रू सुटेना तेव्हा पंख्याला पोटाशी धरलं. श्वास ऐकू येतो, बाहेरच्या रस्त्यावरचा फुलवाला ऐकू येतो. शेवटी स्क्रू हातात आला, त्यांनी तो कॅमेऱ्यासमोर धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "आखूड."

मग तो त्यांनी बाजूला ठेवला.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मला कचऱ्यात द्या, मोडीत द्या, माझी हरकत नाही. पण त्याआधी एकदा वायर लावा आणि तो शेवटचा व्हिडिओही उतरवून घ्या. उघडल्यावर पहिली अकरा मिनिटं काहीच ऐकू येणार नाही. रिकामा आहे समजून पुसू नका.